बारकूबाय, पुढचं कुठाय?

बारकूबाय, माझ्या सारिकाला वाचती केलीस ती तू. हे आधी लिहून टाकते. नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. गावाला पत्र लिहितानासुद्धा माझं असंच होतं. तब्येत, पाऊस, कोण आलं, कोण गेलं, आणि जे सांगायला बसले ते शेवटी कडेच्या कोऱ्या पट्टीत उभं लिहावं लागतं.

तुला जाऊन आज दहा दिवस झाले. नगरपालिकेच्या शाळेसमोर बदामाच्या झाडाखाली तुझी जागा रिकामी आहे. भेळवाला अजून दोन हात सोडूनच गाडी लावतो. काल बाजारातून येताना मी तिथे थोडी उभी राहिले. रडू आलं नाही. बुंध्याशी बोरांच्या बियांचा थर साचलाय तो दिसला. पोरं तिथेच खायची, तिथेच थुंकायची, आणि तू ओरडायचीस, "अरे, बदामाला बोराचा खत घालताव काय रं?"

तुला मी 'तू' म्हणते याचं आमच्या मंगळवेढ्याकडच्या माणसांना नवल वाटेल. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला अहो-जाहो. पहिल्या दिवशी मी विचारलं, "मावशी, तुम्ही बोरं कशी दिली?" तर तू मागे वळून पाहिलंस, आणखी कुणी उभं आहे का म्हणून. "मना बोलतेस? मी एकलीच हाय गो. आयला कोन तुमी-आमी करतं?" तेव्हापासून तू.

आम्ही पनवेलला आलो तेव्हा नव्या वसाहतीची बांधकामं जोरात होती. सारिकाचे वडील प्लास्टरच्या कामावर, मी विटा आणि रेती उचलायला. रेल्वेच्या कडेला पत्र्याची खोली. वस्तीत कुणी जालन्याचं, कुणी गुलबर्ग्याचं, कुणी पार गोरखपूरकडचं. भाषा वेगळ्या, पण पोर पाच वर्षांचं झालं की घोर सगळ्यांना एकच, शाळा कुठली.

ती ठरायची रस्त्यावरून. मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, हा पहिला प्रश्न, कारण ट्रकखाली गेलेलं एक पोर सगळ्यांच्या लक्षात होतं. मग वेळ. आठला कामासाठी नाक्यावर उभं राहायचं, तेव्हा पोर साडेसातला आत गेलेलं बरं. मोठ्या मुलीची शाळा मात्र दुपारची हवी, सकाळी तिने धाकट्याला सांभाळायचं. एवढं सगळं जुळवून उरेल ती शाळा. आत शिकवतात कसं, हे कुणी विचारत नव्हतं. विचारणार कुणाला? फाटकाच्या आत आमच्यासारख्यांना कोण उभं करतंय. बाहेरून दिसेल तेवढ्यावर ठरवायचं. बूट आहेत का, टाय आहे का, दारावरची पाटी इंग्रजी आहे का.

तूही फाटकाच्या बाहेरचीच. पण तुझं बघणं वेगळं होतं. तीन शाळांच्या सुटायच्या वेळा तुला पाठ. विचुंब्याहून डोक्यावर पाटी घेऊन यायचीस, आधी संस्थेच्या शाळेची मधली सुट्टी, मग नगरपालिकेची शाळा सुटायची वेळ, मग गिरणीच्या वरची इंग्लिश शाळा. थंडीत बोरं, मार्चात तिखट-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, पावसापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत उकडलेल्या शेंगा. रद्दीच्या कागदाची पुडी करायचीस आणि तिसरी-चौथीचं पोर आलं की हात मागे घ्यायचीस. "काय लिवलंय वाच. मंग दोन बोरा वरती." पोर वाचायचं. तू ऐकायचीस, मान हलवायचीस, दोन बोरं टाकायचीस. एप्रिलात कातकरणी कर्नाळ्याकडून तुला करवंदं आणून द्यायच्या, तेव्हा पानांचे द्रोण असायचे. पोरांना तेव्हा परीक्षेतून सुटल्यासारखं व्हायचं.

तुला स्वतःला अक्षर येत नव्हतं. हे मला कळलं तेव्हा मी हसले होते.

"मग चुकलं ते तुला कसं कळतं?"

"चुकला त नाय कलत. पन पोराचं डोले कुटं हान ता कलतं ना. कागदावर हान का वरती आभालात."

आणि मग तू मला तुझी खरी परीक्षा सांगितलीस. पुडीचा कागद फाटका. बातमी अर्ध्यात तुटलेली. घोकंपट्टीवालं पोर कागद संपला की थांबतं आणि बोरासाठी हात पुढे करतं. जे समजून वाचतं ते विचारतं, पुढचं कुठाय? "ज्या शालेची पोरा पुढचा मागतान ती शाला बरी. बाकी टाय न् फाय मना नको सांगू."

वस्तीतल्या दोघी-तिघी तुला विचारून शाळा ठरवायच्या. मी विचारलं नाही. मला वाटायचं, बोरं विकणारी बाई काय सांगणार.

आम्ही सारिकाला गिरणीच्या वरच्या शाळेत घातलं. रिक्षावर भोंगा लावून शाळावाले वस्तीपर्यंत आले होते. दोन खोल्या, खाली दळणाचा आवाज, पोरांच्या केसांत पीठ. पण टाय होता, इलॅस्टिकचा, लाल. सारिकाचे वडील म्हणाले, "आपून सिमेंट कालवतूय, पोरीनं तरी खुर्चीवर बसावं." फॉर्मवर आईचं शिक्षण विचारलं होतं. शेजारणीने सांगितलं होतं की आईबाप शिकलेले नसले तर घेत नाहीत. मी लिहिलं, दहावी पास. मी सहावी अर्धी सोडलेली. चौथीनंतरची शाळा शेजारच्या गावात, वाटेत ओढा. एका पावसाळ्यात घरच्यांनी थांबवलं ते कायमचं. त्या एका ओळीने मला किती छळलं ते तुला ठाऊक आहे. शाळेतून चिठ्ठी आली की वाटायचं, कळलं यांना.

पुढची अडीच वर्षं मी सुखात होते. पाहुणे आले की सारिका उभी राहून धडाधडा इंग्रजी बोलायची. गावाला गेलो तेव्हा माझ्या दिराने तिला चावडीवर नेऊन बोलायला लावलं होतं.

मग तो मार्चमधला दिवस. कैरीच्या फोडी घ्यायला आम्ही तुझ्यासमोर उभ्या. तू पुडी सारिकाच्या हातात दिलीस. "वाच गो साहेबीन."

सारिकाने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वर झाडाकडे. आणि सुरू झाली. माझं नाव सारिका, मी एक मुलगी आहे, माझ्या शाळेचं नाव अमुक, सगळं इंग्रजीत, एका दमात.

मी म्हटलं, "बाय, तो मराठी कागद आहे. तिला मराठी नाही शिकवत."

"बरा," तू म्हणालीस. पाटीतली रद्दी उचकलीस, एक इंग्रजी कागद काढलास. कसा ओळखलास कोण जाणे. "नायतर बोलशील, बारकूनं फसवलान. घे गो, यो वाच."

सारिका पुन्हा झाडाकडे बघायला लागली. माझं नाव सारिका, मी एक मुलगी आहे.

तेवढ्यात वीटभट्टीवरच्या कातकऱ्याची एक पोर आली. भट्टी चालू असेल तेवढे महिनेच शाळेत यायची ती, पाय अनवाणी. तिने तोच मराठी कागद घेतला, अडखळत बोट ठेवून वाचला. सरकारी विहिरीतून बैल काढल्याची बातमी होती. कागद संपला. तिने उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "बाय, बैल जगला का? पुढचं कुठाय?"

तू माझ्याकडे पाहिलंस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

मग मीच बोलले. फाटकासमोर, चार बायका उभ्या असताना. "तुझी नात टाय लावून व्हॅनमधून मोठ्या इंग्लिश शाळेत जाते. आणि माझ्या पोरीनं नगरपालिकेत जायचं होय? तुमचं ते शिक्षण आणि आमचं ते बैलाचं?"

तू मान खाली घालून पुडी वळत राहिलीस. ती पुडी चांगली तीनदा वळलीस.

दोन दिवस मी तिकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तू आमच्या पत्र्याच्या दारात उभी. पाटी नव्हती डोक्यावर. मी तुला पाटीशिवाय पहिल्यांदा पाहिलं.

"चल, हेडबाईंना सांगून ठेवलंय."

"दाखला नाही माझ्याकडं. ते देत नाहीत. त्यांच्या शाळेला मान्यताच नाही म्हणे."

"म्हनून त बोलते चल. दाखला नाय त पोर तर हाय ना?"

सारिकाचा हात धरून मी तुझ्यामागे निघाले. परवाचं तू काढलं नाहीस, मीही नाही.

नगरपालिकेच्या शाळेत हेडबाई वाकून रजिस्टरात लिहीत होत्या. जन्माचा दाखला आहे का? नाही, गावाला घरात झाली. तू मध्येच, "लिवा ना बाई, मी सांगते पोर सात वर्सांची हाय, दात बगा तिचं." बाई हसल्या. म्हणाल्या, "बारकूबाय, हा बैलबाजार नाही." पण लिहिलं. सारिकाला पहिलीत बसावं लागेल, अक्षरापासून सुरुवात. ते मला फार लागलं. वयाने वर्षभर लहान पोरांत बसायचं. मी मान डोलावली.

मग बाईंनी विचारलं, "आईचं शिक्षण?"

माझ्या तोंडात दहावी आली होती. तू माझ्या दंडाला हात लावलास आणि हळूच म्हणालीस, "खरा सांग. हितं कोन हसनार नाय."

"सहावी. अर्धी."

बाईंनी वर न बघता लिहिलं. झालं एवढंच. अडीच वर्षं ज्याची भीती होती ते दोन शब्दांत संपलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुला कसं कळलं मी खोटं लिहिलंय?"

"शिक्षनाचा मना काय कलतंय. पन तू बोरा घेतेस तवा पुडी सोडून वाचतेस. परतून बगतेस, पुढचा हाय का. तुझी शाला बरी होती गो. तुना काढायला नको होती."

बाय, मला शिकलेली माणसं भेटली, त्यांनी मला अडाणी म्हटलं, बिचारी म्हटलं. माझी शाळा बरी होती असं फक्त तू म्हणालीस. तेव्हा मी घरी येऊन भाकऱ्या थापल्या. पण ते वाक्य मी नंतर कितीतरी वेळा मनात म्हटलं आहे, डोक्यावर घमेलं असताना सुद्धा.

सारिकाने टाय सोडायला नकार दिला. नगरपालिकेच्या शाळेत महिनाभर लाल टाय लावून गेली. पोरं तिला वकीलसाहेब म्हणायची. एक दिवस टाय दप्तरात गेला, मग पत्र्याला दोरी म्हणून बांधला गेला. दिवाळीनंतर तुझ्यासमोर तिने पहिली पुडी वाचली, शेंगांची. "भाव वाढले" एवढंच होतं त्यावर. तू दोन शेंगांच्या जागी ओंजळभर टाकल्यास आणि म्हणालीस, "यो शेवटचा जास्ती. आता वाचन रोजचाच झाला तुझा."

ती आता सहावीत आहे. मी सोडली ती ही इयत्ता. या वर्षी मला रोज सकाळी उगाच धाकधूक होते. ती पिशवी उचलून फाटकातून आत जाईपर्यंत मी वळत नाही. शाळेचं वर्ष संपायला अजून तीन महिने आहेत.

आपलं भांडण मात्र तसंच राहिलं. मी तुझी माफी मागितली नाही. मागायची होती असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, कारण माझं बोलणं मला तेव्हा बरोबर वाटलं होतं. अजूनही अर्धं वाटतं. दुसऱ्यांच्या पोरांना तू मराठी शाळा दाखवायचीस आणि तुझी पिंकी व्हॅनमधून जायची. हे असं का, याचं उत्तर तू पाच वर्षांत दिलं नाहीस. मीही पुन्हा विचारलं नाही.

परवा मी आणि सारिका विचुंब्याला तुझ्या घरी भेटायला गेलो. तुझं घर मी बाहेरूनच पाहिलं होतं. आत गुळगुळीत फरशी, जिना, आणि जिन्याखाली तुझी बोरांची पाटी पालथी घातलेली. शेजारी दगडाखाली दाबून ठेवलेली रद्दी. तुझा मुलगा रामदास पांढऱ्या बनियनवर बसला होता. माझ्याकडे ओळख नसल्यासारखा बघत होता. मग म्हणाला, "शाळेच्या फाटकावरच्या सुशीलाताई ना? आय तुमचा बोलायची."

मला वाटलं, आता तो आपलं भांडण काढणार. त्याने दुसरंच काढलं.

"लोकं बोलायची, आय बोरा इकते न् नात इंग्लिशला. आयला पन नव्हता पटत. पन वसाहतीला जमीन घेतली, तिचे कागद आले ना ताई, सगळे इंग्लिशमदी. गावचे बापे मांडीला मांडी लावून बसलेलो, एकालापन वाचता येत नव्हता. साहेब बोट ठेवील तिथं सही. मी तवाच ठरवला, माझी पोर कागद वाचूनच सही करील." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आय मंग गप झाली. पन बोलायची, रामदास, हिला पुडी वाचता येत नाय रं. अक्षर येतं, जोडाक्षर आला का अडते. त्या सुशीलेच्या पोरीला इचारते, आयतवारी येऊन वाचायला बसवील का हिला."

"मग विचारलं का नाही?"

"दोनदा निघाली इचारायला. परत आली. बोल्ली, नको, ती एकदा मना बोलून गेलेली हाय नातीवरून. परत कुटं तोंड घालू."

पाच वर्षं तू मला रोज दोन बोरं वर टाकत होतीस आणि एक गोष्ट मागायची तुला भीती वाटत होती. भीती तर मला वाटायची, बाय. तुला कशाला?

आमच्या गावाकडे अशा वेळी बायका मोठ्याने रडून मोकळ्या होतात. इथे त्या फरशीवर मला तेही जमलं नाही.

तेवढ्यात जिन्याखालून आवाज आला. सारिकाने दगडाखालचा वरचा कागद काढला होता आणि पिंकी तिच्या शेजारी उकिडवी बसली होती. सारिका वाचत होती. कुठल्याशा गावात लग्नाच्या मांडवातून माकडाने नवरदेवाचा फेटा पळवला. माकड फेटा घेऊन आंब्यावर बसलं. वऱ्हाडी केळी दाखवून दमले. शेवटी मुहूर्त टळू नये म्हणून नवरदेव स्वतः बूट काढून झाडाच्या बुंध्याशी गेला आणि

कागद तिथे फाटलेला होता.

पिंकीने कागद ओढून घेतला. उलटा केला. मागे साबणाची जाहिरात. तिने तोंड वर करून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "मग? माकडाने दिला का? पुढचं कुठाय?"

रामदास हसला आणि हसता हसता रडायला लागला. तुझं आणि रामदासचं ते शाळेवरचं भांडण कोण जिंकलं, मला कळलं नाही. तू असतीस तर तुलाही सांगता आलं नसतं. पोर इंग्लिश शाळेतली, मराठी धड वाचता येत नाही, आणि पुढचं मागतेय. तुझ्या परीक्षेत ही पास धरायची की नापास?

येताना रद्दीचा गठ्ठा मी मागून घेतला. रामदास म्हणाला, न्या, आमच्याकडे कोण पुड्या वळणार. पाटी मात्र त्याने ठेवून घेतली.

रविवारपासून सारिका विचुंब्याला जाणार आहे. तिनेच वाटेत ठरवलं, मला काही सांगावं लागलं नाही. जोडाक्षरांपासून सुरू करते म्हणाली. मीही सोबत जाईन, रस्ता मोठा आहे. तुला मागता आलं नाही ते तुला एक दिवस मिळेल, बाय. किती दिवस लागतील सांगता येत नाही. पण पिंकी डोळे कागदावर ठेवून, झाडाकडे न बघता, एक अख्खी पुडी वाचेल आणि त्याच्या पुढचं स्वतः शोधायला उठेल, त्या दिवशी मी दोन बोरं घेऊन बदामाखाली येईन. तुझ्या जागी ठेवीन. वरची दोन.